गुडघा कुणाचा, तारीख कुणाची?

मैत्रिणींनो, ८ मार्च २०२४ च्या आपल्या कार्यक्रमात आपण एका फुटबॉल खेळणाऱ्या मुलीचा सत्कार केला होता. शाल, श्रीफळ आणि सावित्रीबाईंची तसबीर. त्यानंतरच्या अंकात तिचा फोटो छापला आणि खाली ओळ टाकली : 'गुडघ्याचं ऑपरेशन होऊन पाच महिन्यांत मैदानावर. जिद्दीला सलाम!' ती ओळ माझी होती. सत्काराचा आग्रहही माझाच होता. २७ एप्रिलला, म्हणजे सत्कारानंतर साधारण सात आठवड्यांनी, त्याच गुडघ्यात बसवलेला नवा लिगामेंट तुटला.

छापण्यातली चूक असली की पुढच्या अंकात दोन ओळींची दुरुस्ती देता येते. ही चूक दोन ओळींत मावणारी नाही, म्हणून हा लेख.

मुलीचं नाव लिहीत नाही. तिच्या जर्सीवर सात आकडा आहे, म्हणून इथे तिला सात नंबर म्हणू. वय आता एकवीस. गाव कोल्हापूरपासून एसटीने पाऊण तासावर. वडील साखर कारखान्यात हंगामी कामगार, आई दुसऱ्याच्या शेतात जाते, घरी दोन म्हशी होत्या. कोल्हापूरबाहेरच्या मैत्रिणींना सांगायला हवं की इथे फुटबॉल म्हणजे नुसता खेळ नव्हे. पाटाकडील, दिलबहार, खंडोबा, शिवाजी तरुण मंडळ अशा तालमींचे आणि मंडळांचे संघ आहेत, आणि शाहू स्टेडियमवर त्यांचा सामना असला की त्या दिवशी शहरात दुसरा विषय नसतो. या वेडाच्या हवेत वाढलेल्या मुली आता स्वतःच मैदानात उतरल्या आहेत. सात नंबर भावाचे जुने बूट घालून खेळायला लागली. बूट मोठे होते, पुढे चिंध्या कोंबून ती घालायची.

सप्टेंबर २०२३. कॉलेजचा सराव, मुरमाड मैदान. कुणी धक्का दिला नाही, कुणी मध्ये पाय घातला नाही. पळता पळता ती वळली, पाऊल जागीच अडकलं आणि गुडघा आतल्या बाजूला गेला. "ताई, काडी मोडल्यावानी आवाज आला. मीच ऐकलो," असं ती मला नंतर म्हणाली. (कोल्हापूरकडच्या मुली स्वतःबद्दल 'मी आलो, मी गेलो' असंच बोलतात. तिची वाक्यं मी सुधारलेली नाहीत.)

तुटला तो एसीएल. मांडीच्या हाडापासून नडगीच्या हाडापर्यंत गुडघ्याच्या मधोमध तिरका जाणारा हा बंध. नडगी पुढे सरकू न देणं आणि वळताना गुडघा पिळवटू न देणं हे त्याचं काम. चालायला तो नसला तरी भागतं, म्हणून कित्येक बायका तो तुटलेला असूनही वर्षानुवर्षं कामं करत राहतात आणि 'गुडघा निसटतो' एवढंच सांगतात. पण पळता पळता दिशा बदलायची, उडी मारून एका पायावर उतरायचं, तर त्याच्याशिवाय कठीण. ऑपरेशनमध्ये मांडीच्या मागची किंवा गुडघ्याच्या वाटीखालची दोरी काढतात आणि हाडांना भोकं पाडून ती त्या जागी ओवतात.

३ ऑक्टोबरला तिचं ऑपरेशन झालं, खाजगी दवाखान्यात. आईने बचत गटातून कर्ज काढलं आणि एक म्हैस विकली. तिसऱ्या दिवशी घरी सोडताना डॉक्टर म्हणाले, "व्यायाम करत राहा. सहा महिन्यांनी खेळ." एवढंच. कोणता व्यायाम, किती, कुणाच्या देखरेखीखाली, सहा महिन्यांनी खेळायचं म्हणजे काय तपासून खेळायचं, यातलं काही नाही. फिजिओथेरपीचे एका वेळचे चारशे रुपये, शिवाय एसटी. ती नऊ वेळा गेली. दहाव्यांदा गेली नाही.

घरात काय चाललं होतं ते मी डोळ्यांनी पाहिलं आहे. तिच्या भावाचा आदल्या वर्षी मोटारसायकलवरून पडून पाय मोडला होता, तेव्हा त्याला दीड महिना खाटेवर बसवून मटणाची अळणी पाजली होती. त्याच्या मंडळातल्या पोरांनी वर्गणी काढली होती. हिच्या वेळी महिन्याभरात चुलीपुढे जमिनीवर बसून भाकऱ्या सुरू झाल्या. व्यायामाला दिवसाचा दीड तास लागतो असं मी तिच्या आईला सांगितलं, तेव्हा त्या माउलीने मला विचारलं, "दीड तास आडवं पडून पाय वर-खाली करायचं? आणि शेण कोण काढणार?" त्यांच्यावर मी रागावू शकले नाही. दीड तास रिकामा असलेली बाई त्या घरात कधी झालेलीच नव्हती.

चौथ्या महिन्यात दुखणं थांबलं, सूज उतरली, ती जिने चढू लागली. घरच्यांना वाटलं, बरी झाली. तिलाही वाटलं. कॉलेजच्या सरांना मार्चच्या निवड चाचणीआधी ती संघात हवी होती. फेब्रुवारीच्या शेवटी तिने पूर्ण सामना खेळला, तेव्हा ऑपरेशनला पाच महिनेही पुरे झाले नव्हते. आणि मग आम्ही शाल घेऊन हजर.

आता मुद्द्यावर येते. मोठ्या ऑपरेशननंतर खेळाडूने परत कधी खेळावं, या प्रश्नाला आपल्याकडे एकच उत्तर मिळतं : सहा महिने. डॉक्टर तेच सांगतात, सर तेच सांगतात, पेपरात पुरुष खेळाडूंच्या बातम्या येतात त्यातही तेच. हा आकडा गुडघ्याला माहीत नसतो. ओवलेली दोरी म्हणजे काही कुंपणाला बांधलेली तार नव्हे. ती शरीरात रुजावी लागते. रक्तपुरवठा तुटलेला असतो, त्यामुळे पहिल्या काही महिन्यांत ती आधी कमकुवत होते आणि मग हळूहळू तिचं लिगामेंटमध्ये रूपांतर होतं. याला वर्ष लागतं, कधी त्याहून जास्त. दुखणं मात्र तिसऱ्या-चौथ्या महिन्यातच जातं. म्हणजे मुलीला सर्वांत बरं वाटायला लागतं तेव्हा आतला बंध अजून कच्चाच असतो. बरं वाटणं आणि बरं होणं यांतलं हे अंतर तिला कुणी सांगितलं नाही. मलाही ते माहीत नव्हतं, एम.एस.डब्ल्यू.च्या दोन वर्षांत आम्हाला माणसाचं मन शिकवलं, गुडघा नाही. पण विचारायला काय झालं होतं? सत्काराआधी एका फिजिओथेरपिस्टला फोन केला असता तर कळलं असतं.

२०१६ साली नॉर्वे आणि अमेरिकेतल्या संशोधकांनी एक अभ्यास प्रसिद्ध केला. एसीएलचं ऑपरेशन झालेल्या शंभराच्या आसपास खेळाडूंचा त्यांनी दोन वर्षं पाठपुरावा केला. मैदानावर परतणं जितकं पुढे ढकललं, तितकी प्रत्येक महिन्यामागे पुन्हा दुखापत होण्याची शक्यता निम्म्याने (५१ टक्क्यांनी) घटत गेली, आणि हे नवव्या महिन्यापर्यंत चालू राहिलं. त्याच अभ्यासात आणखी एक गोष्ट आहे, ती मला जास्त महत्त्वाची वाटते. परतण्याआधीच्या चाचण्या पास न होता जे खेळले, त्यांच्यातल्या ३८ टक्क्यांना पुन्हा गुडघ्याची दुखापत झाली. पास होऊन परतले, त्यांच्यात हे प्रमाण ६ टक्क्यांच्याही खाली. स्वीडनमधल्या २०२० च्या अभ्यासात १५ ते ३० वयाचे खेळाडू होते. नऊ महिन्यांच्या आत जोरदार खेळाकडे परतलेल्यांत लिगामेंट पुन्हा तुटण्याचं प्रमाण इतरांच्या सुमारे सातपट निघालं.

तेव्हा नऊ महिन्यांच्या आत नाही, हे ठाम. पण नऊ हा आकडाही सहासारखाच भिंतीवरच्या कॅलेंडरवर खुणा करत बसण्याचा नव्हे. नऊ महिने घरी बसून काढले आणि व्यायाम केला नाही, तर दहाव्या महिन्यातही गुडघा तिथेच असतो. त्या अभ्यासातल्या चाचण्या काय आहेत? मांडीच्या पुढच्या स्नायूची ताकद दुसऱ्या पायाच्या किमान ९० टक्के हवी. एका पायावर लांब उडी, सलग तीन उड्या, रेषेच्या आलटून पालटून दोन्ही बाजूंना उड्या, सहा मीटर एका पायावर वेळ लावून, या सगळ्यांत तेवढीच बरोबरी हवी. यात एक मेख आहे. इतके महिने न खेळल्यामुळे चांगला पायही वाळलेला असतो, त्यामुळे त्याच्याशी तुलना करून निघालेले ९० टक्के फसवे असू शकतात. आणि शेवटी मन. ज्या पायाने दगा दिला, त्याच्यावर भार टाकून वळायला मन तयार आहे का, हेही प्रश्नावली देऊन तपासतात. सात नंबरची यातली एकही चाचणी झाली नव्हती. सरांनी तिला मैदानाला दोन फेऱ्या मारायला लावल्या आणि म्हणाले, "झकास."

मी सरांना सगळा दोष देत नाही, कारण मग आपण सुटतो. दोष द्यायचा तर त्या शब्दाला देते जो मी स्वतः छापला. जिद्द. आपल्या चळवळीला हा शब्द फार आवडतो. नवऱ्याचा मार खाऊन शिकली, जिद्द. बाळंतपणानंतर आठव्या दिवशी कामावर गेली, जिद्द. तुटक्या गुडघ्यावर धावली, जिद्द. मला आता यात बाईच्या सोसण्याचाच गौरव दिसतो, तोच जो पतिव्रतेच्या कथांमध्ये होता, फक्त साडीऐवजी जर्सी. नऊ महिने रोज दीड तास भिंतीला टेकून बसणं, पायाला वजन बांधून उचलणं, कंटाळा येईपर्यंत तेच ते करणं, त्याला लागते ती चिकाटी कुठे कमी आहे? पण त्याचा फोटो येत नाही. त्याला शाल मिळत नाही. आपण शाल दिली ती नेमकी त्या कृतीला, जिने तिचा गुडघा गेला.

एका मैत्रिणीने हे ऐकून मला विचारलं, "पण तिला स्वतःलाच खेळायचं होतं ना? तिचं शरीर, तिचा निर्णय." होय, तिला खेळायचं होतं. मी त्या वेळी तिला विचारलं होतं आणि ती म्हणाली होती, "ताई, मी खेळतोच. आता बसलो तर परत कोण बोलवंल मला?" या वाक्यात खुशी किती आणि धाक किती? निवड चाचणी वर्षातून एकदा. राष्ट्रीय पातळीवर खेळली तर सरकारी नोकरीत खेळाडूंसाठीच्या पाच टक्क्यांत बसायची आशा. नाही खेळली तर घरात लग्नाची बोलणी. 'आत्ता नाहीतर कधीच नाही' असं समोर ठेवून घेतलेल्या निर्णयाला आपण मोकळा निर्णय म्हणत नाही. बीड जिल्ह्यातल्या ऊसतोडणी करणाऱ्या बायकांच्या गर्भाशयाच्या ऑपरेशनांचा प्रश्न २०१९ मध्ये विधिमंडळात गाजला, चौकशी समिती नेमली गेली, तेव्हा डॉक्टर आणि मुकादमही हेच म्हणत होते की बायका आपल्या पायांनी आल्या, त्यांनी सही केली. पाळीच्या दिवसांत खाडा झाला तर पैसे कापले जाणार असतील, तर त्या सहीला काय अर्थ, हे आपणच तेव्हा विचारलं होतं. गुडघा आणि गर्भाशय यांची बरोबरी मी करत नाही. पण कामाचा हंगाम ठरवणार दुसरा आणि सही करणार बाई, ही रीत तीच आहे.

माहिती दिली पाहिजे, पैसे दिले पाहिजेत, संघातली जागा राखली पाहिजे. एवढं झालं आणि तरीही ती म्हणाली की मी जोखीम घेते, तर मग तो तिचा निर्णय. त्याआधी नाही.

दुसरी बाजू घरची. 'आता पुरे झाला खेळ.' ऐकायला काळजीचं वाक्य आहे. पण सात नंबरच्या आईने ऑपरेशननंतर मला जे विचारलं, त्यात या काळजीचा पत्ता लागतो. "टाकं किती घातलं ते कळलं, ताई. आता पावणं बघायला आलं की काय सांगायचं, तेवढं सांगा." पाहुण्यांसमोर गुडघा वाकवून पाटावर बसता आलं पाहिजे, विहिरीवरून पाणी आणता आलं पाहिजे, एवढ्यापुरता मुलीचा गुडघा महत्त्वाचा. म्हणजे सरांना तो मार्चपर्यंत हवा, बापाला लग्नापर्यंत. तिला तो साठाव्या वर्षीही लागणार आहे, हा हिशोब कुणाच्याच वहीत नाही.

आणि साठावं वर्ष फार लांब वाटत असेल तर हे वाचा. स्वीडनमधल्या स्त्री फुटबॉलपटूंना एसीएल तुटल्यानंतर बारा वर्षांनी शोधून तपासलं गेलं; २००४ साली तो अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यांचं सरासरी वय होतं ३१. ज्यांचे एक्स-रे काढले, त्यांच्यातल्या निम्म्या जणींच्या गुडघ्यात सांध्याची झीज दिसली. एकतिसाव्या वर्षी. माझं वय त्याच्याच पुढेमागे आहे आणि मी दिवसातून चार वेळा वस्तीतले जिने चढते, म्हणून हा आकडा मला चांगलाच लागला. गुडघा एकदा तुटला की झिजेचा धोका राहतोच, वेळ घेऊन परतलं तरी राहतो. पण पुन्हा तुटला, गादी फाटली, की तो आणखी वाढतो.

आता 'बायकांचे गुडघेच कमजोर' या पालुपदाकडे. फुटबॉलमध्ये ही दुखापत स्त्रियांना पुरुषांपेक्षा दोन-तीनपट जास्त होते हे खरं आहे. त्याचं कारण म्हणून कंबरेचं हाड रुंद, हार्मोन वेगळे, पाळी, असं सगळं पुढे केलं जातं. यातलं काही असेलही, संशोधन चालू आहे. पण जोआन पार्सन्स, स्टेफनी कोएन आणि शेरी बेकर या तिघींनी २०२१ मध्ये एका शोधनिबंधात विचारलं की मुलीच्या शरीरात कारण शोधण्याआधी मुलीच्या भोवती का बघत नाही? लहानपणापासून मुलाला उड्या मारायला, वजन उचलायला मिळतं, मुलीला मिळत नाही. व्यायामशाळा पुरुषांची, मैदान उरलेलं, बूट पुरुषांच्या पायाच्या साच्याचे, प्रशिक्षक अर्धवेळ. आणि दुखापतीनंतरची देखभालही कमी. हे वाचताना मला तिच्या बुटातल्या चिंध्या आठवल्या. क्रीडाविज्ञानातल्या अभ्यासांपैकी फक्त स्त्रियांवर केलेले अभ्यास २०१४ ते २०२० या काळात ६ टक्के होते. म्हणजे ज्या शरीराला कमजोर म्हणायचं, त्याचा अभ्यासही करायचा नाही.

उलट काळजी घेतली तर काय होतं, तेही दिसलं आहे. नॉर्वेमध्ये १३ ते १७ वयाच्या फुटबॉल खेळणाऱ्या मुलींना सरावाआधी वीसेक मिनिटांचे ठरावीक व्यायाम दिले : उडी मारून गुडघा वाकवून नीट उतरणं, एका पायावर तोल, मांडीच्या मागच्या स्नायूंची ताकद. २००८ साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांत गंभीर दुखापती जवळजवळ निम्म्याने घटल्या होत्या. याला यंत्र लागत नाही. मुलींची हाडं तीच होती, हार्मोनही तेच होते.

पैसा असला की गुडघ्याला वेळ मिळतो, हे तर उघडच आहे. स्पेनची अलेक्सिया पुतेयास, जगातली सर्वोत्तम म्हणून गौरवलेली, ५ जुलै २०२२ ला, युरोपियन स्पर्धेच्या तोंडावर, सरावात एसीएल तोडून बसली. ती परत खेळली ३० एप्रिल २०२३ ला, जवळजवळ दहा महिन्यांनी, आणि ऑगस्टमध्ये तिच्या देशाने विश्वचषक जिंकला तेव्हा अंतिम सामन्यात ती बदली खेळाडू म्हणून अगदी शेवटी उतरली. एवढ्या मोठ्या खेळाडूला बाकावर बसवायला तिथे कुणाला कमीपणा वाटला नाही. ऑस्ट्रेलियाची सॅम कर जानेवारी २०२४ मध्ये जखमी झाली. पॅरिसचं ऑलिंपिक हुकलं. ती मैदानावर आली सप्टेंबर २०२५ मध्ये, वीस महिन्यांनी. आपल्या मणिपूरची बाला देवी, जी २०२० मध्ये स्कॉटलंडच्या रेंजर्स क्लबकडून व्यावसायिक खेळाडू म्हणून करारबद्ध झाली, ती २०२२ मध्ये मुंबई-पुण्यात झालेल्या आशियाई स्पर्धेला याच दुखापतीपायी मुकली, आणि नंतर पुन्हा देशासाठी खेळली. या बायकांच्या मागे क्लब होते, रोजच्या रोज गुडघा बघणारी माणसं होती.

आणि ज्यांच्या मागे कुणी नाही त्यांचं काय होऊ शकतं, याची आठवण नोव्हेंबर २०२२ ची आहे. चेन्नईतल्या सतरा वर्षांच्या एका फुटबॉल खेळणाऱ्या कॉलेजकन्येचं सरकारी रुग्णालयात लिगामेंटचं ऑपरेशन झालं. पट्टी इतकी घट्ट बांधली गेली की पायाचा रक्तपुरवठा बंद झाला. पाय कापावा लागला आणि १५ नोव्हेंबरला ती गेली. दोन डॉक्टर निलंबित झाले. ही टोकाची गोष्ट आहे, ऑपरेशनला घाबरावं म्हणून मी ती सांगत नाही. पण 'ऑपरेशन झालं, सुटलो' ही समजूत तिथेही होती आणि इथेही आहे. खरं काम त्यानंतर सुरू होतं आणि ते काम कुणाच्याच नावावर नसतं.

काही कार्यकर्त्या म्हणतील, मारहाणीच्या, परित्यक्तांच्या, रेशनच्या केसेस पडल्या असताना हे फुटबॉलचं काय काढलंस? मीही दोन वर्षांपूर्वी हेच म्हणाले असते. पण सात नंबरच्या दुसऱ्या दुखापतीनंतर तिच्या घरावर बचत गटाचं पहिलं कर्ज फिटायच्या आत दुसरं चढलं, दुसरी म्हैस गेली, आई आजारी असूनही कामावर जात राहिली आणि मुलीचं कॉलेजचं एक वर्ष बुडालं. ही आपली नेहमीचीच केस आहे. फक्त ती मैदानावरून आली.

दुसऱ्या ऑपरेशनला पैसे जमायला नऊ महिने लागले. तोवर गुडघा निसटत राहिला आणि आतली गादीही फाटली. आपल्या संघटनेने वर्गणी काढली त्यात बऱ्याच जणींनी दिले, त्यांचे आभार. ऑपरेशन झालं फेब्रुवारी २०२५ मध्ये. या वेळी एक तरुण फिजिओथेरपिस्ट मैत्रीण दर रविवारी आपल्या कार्यालयात येते. जाजम गुंडाळून ठेवायचं, भिंतीला टेकून बसायचं, जुन्या पिशवीत वाळू भरून पायाला बांधायची. तिच्या आईला मी एकदा तिथे घेऊन आले. त्या तासभर काही बोलल्या नाहीत. जाताना म्हणाल्या, "हे तर कामच हाय की." तेव्हापासून घरी शेण काढायला भाऊ जातो. रोज नाही, पण जातो.

१२ ऑक्टोबरला, आठव्या महिन्यात, फरशीवर खडूने रेघ ओढून आम्ही तिची उडी मोजली. शिवणवर्गाची टेप घेतली. चांगल्या पायावर १४२ सेंटिमीटर, ऑपरेशनच्या पायावर ९७. म्हणजे ६८ टक्के. ती खूप वेळ टेपकडे बघत बसली. पहिल्या खेपेला फेब्रुवारीत हा आकडा काय असता, हे आम्ही दोघीही मनात म्हणत असणार.

या डिसेंबरमध्ये पुन्हा निवड चाचणी आहे. कॉलेजमधून फोन आला, "मॅडम, तोपर्यंत दहा महिने होतायत." दुसऱ्यांदा ऑपरेशन झालेल्या गुडघ्याला आणखी सावकाश घ्यायचं असतं हे मी त्यांना सांगितलं, आणि मग फोनवर भांडण्यापेक्षा पत्र लिहिलं. कॉलेजच्या नावाने खेळताना दुखापत झाली तर ऑपरेशनच नव्हे, पुढच्या वर्षभराच्या फिजिओथेरपीचा आणि एसटीचा खर्च कॉलेजने आणि विद्यापीठाने उचलावा. जखमी मुलीची संघातली जागा पुढच्या हंगामापर्यंत राखावी. नऊ महिन्यांच्या आत आणि चाचण्या पास झाल्याचा लेखी दाखला असल्याशिवाय कुणालाही मैदानात उतरवू नये, मुलगी स्वतः म्हणाली तरी. दाखला देणारी व्यक्ती संघाच्या निकालाशी संबंध नसलेली असावी. आणि सगळ्या मुलींना सरावाआधी ते वीस मिनिटांचे व्यायाम. पत्राची प्रत आम्ही विद्यापीठाच्या क्रीडा विभागालाही दिली आहे. हे लिहीपर्यंत उत्तर आलेलं नाही. तुमच्या भागात फुटबॉल, कबड्डी, खो-खो खेळणाऱ्या मुली असतील आणि त्यांचा असाच गुडघा झाला असेल, तर कार्यालयाच्या पत्त्यावर कळवा. एकट्या कोल्हापूरच्या पत्राला टोपली दाखवणं सोपं आहे, दहा जिल्ह्यांतून पत्रं गेली तर तसं होणार नाही.

गेल्या रविवारी तिने मला विचारलं, "ताई, डिसेंबरला सोडशीला का मला?"

मी म्हटलं, "सोडणारी मी कोण? मोजून बघू. नव्वद झाले तर तुझं तू ठरव."

"आणि नाही झाले तर?"

"तर त्याच्या पुढच्या महिन्यात परत मोजू."

ती चिडली. बूट पिशवीत कोंबले आणि जायला निघाली. हे बूट तिच्या मापाचे आहेत, मार्चमध्ये आपल्यापैकीच एकीने घेऊन दिले. दारातून वळून म्हणाली, "टेप नीट धरत जावा. मागच्या वेळेला तुम्ही ढिली धरलेली." पुढची मोजणी १६ नोव्हेंबरला आहे.